दुधात आंबा : एका उत्तरपत्रिकेचे पुनर्मूल्यांकन

मराठीच्या अध्यापकांनी मिल्कशेकवर लिहावे, हे काहींना विषयाला सोडून वाटेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या पेयाच्या निमित्ताने आमच्या हातून एक अन्याय घडला. तो कसा घडला हे तपासत गेलो, तेव्हा आमच्या अध्यापनाविषयी, परीक्षणाविषयी आणि आम्ही ज्याला 'प्रमाण लेखन' म्हणतो त्याविषयी काही प्रश्न उभे राहिले. ते समानधर्मी वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात गेली काही वर्षे मराठी शिकवतो. द्वितीय वर्षाला 'उपयोजित मराठी' हा पेपर आहे. जाहिरात, बातमी, सूचनापत्र, माहितीपत्रक यांच्या जोडीला त्यात 'पाककृतिलेखन' असाही एक घटक आहे. खरे सांगायचे तर हा घटक आम्ही नेहमीच घाईत उरकत आलो आहोत. साहित्य, प्रमाण, कृती, टीप असा चार भागांचा साचा फळ्यावर लिहून द्यायचा आणि पुढच्या घटकाकडे वळायचे. गेल्या वर्षी अंतर्गत परीक्षेत आम्ही प्रश्न घातला : 'आंब्याचे मिल्कशेक घरी कसे करावे, ते १५ ओळींत लिहा. (गुण १०)'.

उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली. त्यांतील एका उत्तराला आम्ही ९ गुण दिले. २ आंबे, २ कप दूध, ४ चमचे साखर, ६ बर्फाचे खडे. सर्व साहित्य मिक्सरच्या भांड्यात एकत्र घेऊन २ मिनिटे फिरवावे. ग्लासात ओतून थंडगार सर्व्ह करावे. अक्षर सुवाच्य, साचा बिनचूक. शेवटी टीपही होती : आंब्याऐवजी कोणतेही फळ घेतले तरी चालेल.

दुसरे एक उत्तर एका विद्यार्थिनीचे होते. तिने साहित्याची यादीच दिली नव्हती. लेखनाची सुरुवातच अशी : 'आजी म्हणते, आंबा आधी हुंगून बघायचा. आंबूस वास आला तर दुधाच्या नादी लागायचं नाही.' पुढे सगळा मजकूर याच बोलीत होता. आंबे पाण्यात घालून ठेवायचे. दूध तापवून निवलेले पाहिजे, आणि साय बाजूला काढून ठेवायची. आधी आंबा एकटाच फिरवायचा. तो लोण्यासारखा झाला की मग दूध बारीक धारेने सोडायचे. साखर चव बघून. साय शेवटी चमच्याने मिसळायची, फिरवायची नाही, 'न्हाईतर लोणी निघतंय'. बर्फ आत टाकायचा नाही. भांडे बर्फात ठेवायचे. एवढे लिहून उत्तर संपले होते. प्रमाण नाही, टीप नाही, शीर्षक नाही. आम्ही समासात लाल शाईने 'प्रमाण? भाषा?' असे लिहिले आणि ४ गुण दिले. गुण विद्यापीठाकडे गेले आणि विषय संपला.

संपला असे आम्हाला वाटले. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्यापैकी एकाच्या घरी आंब्याची पेटी आली. गप्पांच्या ओघात या उत्तरांची आठवण निघाली आणि गंमत म्हणून दोन्ही उत्तरांबरहुकूम मिल्कशेक करून पाहावे असे ठरले. पाककृती हा अखेर कृतीसाठी लिहिलेला मजकूर असतो. तिची कसोटी उत्तरपत्रिकेत नव्हे, ओट्यावर लागते, हे त्या क्षणापर्यंत आमच्या लक्षातच आले नव्हते असे म्हटले तरी चालेल.

९ गुणांच्या मिल्कशेकची वाट पहिल्या मिनिटातच लागली. सगळे एकत्र घातल्यामुळे बर्फाचे खडे उसळत राहिले आणि आंब्याच्या फोडी पात्यांच्या वरच तरंगत राहिल्या. २ मिनिटे संपेपर्यंत बर्फाचे पाणी झाले होते आणि वर बोटभर फेस आला होता. ग्लासात ओतल्यावर काही वेळातच खाली पाणचट दूध आणि वर फेसात अडकलेले रेषे असे दोन थर दिसू लागले. त्यातच एक आंबा किंचित आंबट निघाला होता. दुधात बारीक कण दिसत होते. साखर मात्र बरोबर ४ चमचे होती.

मग ४ गुणांचे मिल्कशेक. आंबे हुंगून दोन निवडले, एक बाजूला ठेवला. गर एकटाच फिरवला. भांड्यात दुसरे काही नसल्यामुळे तो पात्यांच्या तावडीत नीट सापडला आणि मऊ, एकजीव झाला. त्यात तापवून थंड केलेले म्हशीचे दूध थोडे थोडे सोडले. चव पाहिली, साखरेची गरज एका चमच्यापुरतीच होती. साय शेवटी हाताने मिसळली. तयार झालेले पेय दाट होते, चमच्याला धरत होते आणि अर्ध्या तासानेही फुटले नव्हते. आम्ही दोघांनी ते मुकाट्याने प्यायलो. चव उत्तम होती. बोलण्यासारखे मात्र आमच्याजवळ काही उरले नव्हते.

या फरकामागे काही गूढ नाही. आंब्याच्या गरातील पेक्टिन आणि तंतू यांमुळे दाटपणा येतो. पण त्यासाठी गर आधी पुरता बारीक व्हावा लागतो, आणि पातळ द्रवात तो तितका बारीक होत नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के असतो, गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. साईचा मऊपणा त्यातूनच येतो. तीच साय वेगाने घुसळली, की स्निग्धकण एकमेकांना चिकटून लोण्याची कणी धरतात. दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो, फळातील आम्लामुळे तो खाली सरकू लागला, की दुधातील केसीन हे प्रथिन अस्थिर होऊ लागते, आणि ४.६ च्या सुमारास ते पुरते साकळते. दूध कोमट असेल तर हे अधिक लवकर घडते. म्हणून आंबा हुंगायचा, म्हणून दूध निववायचे, म्हणून बर्फ बाहेर ठेवायचा. त्या आजींच्या प्रत्येक वाक्यामागे कारण होते; फक्त ते 'कारण' या शीर्षकाखाली लिहिलेले नव्हते.

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. दूध आणि फळ यांच्या संयोगाविषयी आपल्या परंपरेत एकवाक्यता नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६व्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि तेथे आंबट रसाची फळे दुधाबरोबर निषिद्ध ठरवली आहेत. उलट १६व्या शतकातील भावप्रकाशात 'दुग्धाम्र' असे नावच येते, आणि दुधातल्या आंब्याची रुचकर व बलवर्धक म्हणून स्तुती केलेली आढळते. वरवर पाहता हा विरोध आहे. पण आंबा आंबट की गोड, हे नाकाने ठरवणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात तो मिटलेला असतो. तिने दोन्ही ग्रंथ वाचलेले नसतात. दोघांचेही म्हणणे मात्र ती आपापल्या जागी मान्य करते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्ही त्या मुलीचे गुण का कापले? पहिले कारण भाषा. हे कारण आठवले की आज आम्हाला सर्वाधिक संकोच वाटतो. त्याच वर्षी, त्याच वर्गात आम्ही 'स्मृतिचित्रे' शिकवताना लक्ष्मीबाई टिळकांच्या बोलत्या गद्याचे गुणगान केले होते. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली, तेव्हा एका निरक्षर स्त्रीच्या बोलीने मराठी कवितेला कसे चकित केले, हेही आम्ही रंगवून सांगितले होते. विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले आणि आम्ही त्यावर गुण दिले. परंतु तशीच एक आजी, तशाच बोलीत, आमच्या समोरच्या कागदावर बोलू लागली तेव्हा आम्ही 'भाषा?' असे विचारले. छापील बोलीचा गौरव आणि जिवंत बोलीला लाल शाई, ही आमची समीक्षादृष्टी! बोलीविषयीचा आमचा आदर पुस्तकाच्या पुठ्ठ्यापाशी संपतो की काय, असा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला आणि त्याचे उत्तर फारसे सुखावह नव्हते.

भाषेचाच आणखी एक पैलू नोंदवण्यासारखा आहे. पाककृतीच्या मराठीचा इतिहास क्रियापदांच्या रूपांतून वाचता येतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० सालचे. त्या काळच्या शास्त्रीय गद्याची रीत विध्यर्थाची : घ्यावे, करावे, उतरवावे. त्यात आदेश आहे, पण अदबीचा. पुढे 'घ्या, करा, उतरवा' हा आज्ञार्थ आला. वेष्टनांच्या आणि वर्तमानपत्री पुरवण्यांच्या भाषेला तो सोयीचा होता. आजच्या चित्रफितींतील मराठी आणखी वेगळी : 'आता आपण यात दूध टाकून घेऊया', 'हे छान फिरवून घ्यायचंय'. दूध 'घालणे' जाऊन 'टाकणे' आले, याविषयी भाषाप्रेमी हळहळतात, आम्हीही हळहळतो. परंतु आमच्या विद्यार्थिनीने जे रूप वापरले ते यांपैकी कोणतेच नव्हते. 'हुंगून बघायचा', 'धारेने सोडायचे', 'घालायचा नाही' : हे रूप हुकूम देत नाही आणि उपदेशही करत नाही. आमच्या घरी असे करतात, तूही असेच करायचे, असा रिवाज ते सांगते. सांगणारी आणि ऐकणारी एकाच ओट्यापाशी उभ्या आहेत, हे त्या प्रत्ययातच गृहीत आहे. व्याकरणाच्या तासाला यावर एक उत्तम निबंध लिहून घेता आला असता. आम्ही त्यावर रेघ मारली.

दुसरे कारण प्रमाण. येथे आमच्या दोघांत मतभेद आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे, की अदमासाची भाषा सुंदर असली तरी ती ज्यांना आजी आहे त्यांच्यासाठीच आहे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि घरोघरी पोचली. तिच्या लोकप्रियतेत वाटी आणि चमचा या घरगुती मापांचा मोठा वाटा आहे. माहेर-सासरपासून दूर, एखाद्या नव्या शहरात किंवा परदेशात संसार मांडणाऱ्या मुलीला विचारायला जवळ कोणी नव्हते. तिला त्या मापांनी हात दिला. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला 'चव बघून' हे दोन शब्द काय सांगणार? प्रमाण हे लोकशाहीचे साधन आहे. ते ज्ञानाला घराण्यातून बाहेर काढते. हे म्हणणे दुसऱ्यालाही नाकारता येत नाही.

त्याचे म्हणणे एवढेच, की चांगले माप खुणेला विसरत नाही. दोन मध्यम आंब्यांचा दीड वाटी गर आणि तितकेच थंड दूध, हे सांगणे उपयुक्त आहे. पण आंबा दरवेळी तोच नसतो. पेटीतल्या दोन आंब्यांची गोडी सारखी नसते, तर ४ चमचे साखर सर्वांना कशी लागू पडावी? माप सरासरी सांगते, खूण समोरचा आंबा दाखवते. स्वयंपाक सरासरी आंब्याचा करता येत नाही, समोरच्या आंब्याचाच करावा लागतो.

आणि येथेच ९ गुणांच्या उत्तरातील ती निरुपद्रवी टीप आम्हाला बोचू लागली : कोणतेही फळ घेतले तरी चालेल. चालत नाही. कच्च्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर असते. तो दुधात फिरवून ठेवला तर काही वेळात दूध कडू लागते. अननस आधी शिजवून घेतला तर ते विकर निष्प्रभ होते. सीताफळाच्या बिया विषारी आहेत. एकही बी मिक्सरमध्ये जाता कामा नये. म्हणून तेथे गर हाताने सोडवण्याला पर्याय नाही. अर्धवट पिकलेला चिकू जिभेला तुरट, चिकट लागतो. केळे फिरवले की हवेशी संयोग होऊन काळवंडू लागते. ते केल्याबरोबर प्यावे. प्रत्येक फळ दुधाशी वेगळे वागते. 'आंबा' खोडून 'अननस' लिहिल्याने अननसाची कृती तयार होत नाही.

हे लिहिताना आम्हाला आमच्या इतर उत्तरपत्रिका आठवल्या. 'प्रस्तुत कवितेतून कवीने मानवी जीवनातील विविध भावभावनांचे प्रभावी चित्रण केले आहे. कवीची भाषा साधी, सोपी व ओघवती असून प्रतिमासृष्टी समृद्ध आहे.' हे वाक्य केशवसुतांना लागू, मर्ढेकरांना लागू, ग्रेस यांनाही लागू. कवीचे नाव बदलायचे. बाकी कृती तीच. वर्षानुवर्षे आम्ही या उत्तराला दहापैकी सहा-सात गुण देत आलो आहोत, कारण त्यात साचा असतो आणि चूक सापडत नाही. कोणतीही कविता घेतली तरी चालेल, अशी टीप आम्हीच आमच्या अध्यापनाखाली लिहून ठेवली आहे. समोरची कविता हुंगून बघणारा, ही आंबट आहे, ही या मापात बसत नाही असे अडखळत, बोलीत, अपुऱ्या वाक्यांत लिहिणारा विद्यार्थी मात्र चारावर थांबतो. मिल्कशेक बिघडले ते आम्हाला दोन मिनिटांत कळले. कविता कितीदा बिघडली असेल, ते कळायला आमच्याकडे जीभच नव्हती.

थोडे विषयांतर करून नावाविषयीही लिहितो, कारण हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. 'मिल्कशेक'ला मराठी शब्द का नको? आमच्या मते नको. आपल्याकडे शिकरण आहे. पण शिकरण ही हाताने कुस्करून केलेली, पोळीशी खाण्याची वस्तू. पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाने ती मटार उसळीच्या शेजारी कायमची नेऊन बसवली, तरी तिचा मान वेगळा आहे. हा शब्द 'शिखरिणी'वरून आला असे मानतात. संस्कृतात ती दह्या-साखरेची असे. 'शिखरिणी' म्हटल्यावर य-म-न-स-भ-ल-ग आणि १७ अक्षरे एवढेच ज्यांना आठवते, अशा आमच्यासारख्यांनी तिची ही दुसरी ओळखही ठेवावी. पुण्याची मस्तानी आणखी वेगळी : दाट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा. तिचे नाव बाजीरावांच्या मस्तानीशी जोडले जाते. पण मस्तानीचे निधन १७४० सालचे आणि ही आइस्क्रीमची चैन फार अलीकडची, तेव्हा संबंध असलाच तर तो सौंदर्याच्या उपमेपुरता. तीन शब्द, तीन पदार्थ. 'फलदुग्धपेय' असा चौथा शब्द घडवून कोणाची तहान भागेल असे वाटत नाही.

तर मग करावे काय? आमच्या सूचना दोन आहेत. एक, पाककृतिलेखनाच्या प्रश्नात गुणांची विभागणी बदलावी : साहित्य व प्रमाण यांना जेवढे गुण, तेवढेच 'खुणां'ना असावेत. कशावरून ओळखायचे, केव्हा थांबायचे, बिघडले तर काय करायचे, हे ज्याने लिहिले त्याने खरी पाककृती लिहिली. दोन, दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने 'खमंग' लिहिताना स्वयंपाकाला अभ्यासाबाहेरचे मानले नाही, हे लक्षात ठेवून अशा मजकुराला भाषेच्या वर्गात संहितेचा दर्जा द्यावा. विद्यार्थ्यांनी घरातील एक कृती सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपून आणावी, मग तीच प्रमाण भाषेत लिहावी, आणि या प्रवासात काय हाती लागले व काय गळून पडले ते नोंदवावे. प्रमाण भाषा शिकवणे हे आमचे काम आहेच. त्यापासून आम्ही पळत नाही. पण तिच्यात येताना विद्यार्थ्याने आजीला उंबऱ्याबाहेर ठेवून यावे, अशी अट आम्ही कोणत्या अधिकाराने घातली?

जून महिन्यात महाविद्यालय सुरू झाले तेव्हा त्या विद्यार्थिनीला आम्ही बोलावून घेतले. गुण आता बदलता येणार नव्हते, हे तिला स्पष्ट सांगितले. ते कमी दिले ही आमची चूक होती, हेही सांगितले. आम्ही केलेल्या प्रयोगाची हकीकत ऐकून ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "सर, आंबा किती वेळ पाण्यात ठेवला होता?" तिने विचारले. आम्ही अर्धा तास म्हणालो. ती म्हणाली, "आजी तर सकाळी घालून दुपारी काढते. माझ्या पेपरात ते लिहायचं राहिलं. तेवढे गुण कापायला पाहिजेत, मॅडम."

म्हणजे ४ नव्हे आणि १० ही नव्हे. किती, ते आमचे अजून ठरलेले नाही.